मुरगांवचा विसरलेला यजमान

जेम्स लीझर यांचें 'बोर्डिंग पार्टी' हें १९७८ सालीं प्रसिद्ध झालेलें पुस्तक व त्यावरून १९८० सालीं निघालेला 'द सी वुल्व्ज' हा बोलपट यांची वाहवा पुष्कळ झाली. समुद्र केवळ पुस्तकांतून ठाऊक असलेल्या आमच्या मानोऱ्याकडील वाचकासही तें हातचें सोडवत नाहीं, इतकें तें रंजक आहे. आमची तक्रार निराळी आहे.

दुसऱ्या महायुद्धांत तीन जर्मन व एक इटालियन जहाज मुरगांव बंदरांत आश्रयास होतें. पोर्तुगाल तटस्थ, सबब गोव्याचें पाणीही तटस्थ. 'एरेनफेल्स' जहाजावरील गुप्त बिनतारी यंत्र जर्मन पाणबुड्यांस बातम्या पुरवितें, अशी इंग्रजांची खात्री झाली होती. तेव्हां कलकत्त्याच्या हौशी पलटणींतील कांहीं प्रौढ गोरे गृहस्थ 'फीबी' नांवाच्या गाळवाहू नावेंतून आले व ९ मार्च १९४३ च्या रात्रीं 'एरेनफेल्स'वर चढले. जर्मन कप्तान व त्याचे कांहीं सोबती मारले गेले, जहाज बुडालें. बाकीचीं तीन जहाजें त्यांच्याच खलाशांनीं बुडविलीं.

१९०७ च्या हेग कराराप्रमाणें तटस्थाच्या बंदरांत असें यंत्र चालविणें हा अपराधच. पण तेथें शस्त्र चालविणें हाही अपराध. यंत्र बंद करविण्याचें काम यजमानाचें होतें. पूर्वीं इंग्रजांस याची जाणीव होती. १७५९ सालीं बॉस्कोएननें पोर्तुगालच्या लागोसजवळ फ्रेंच गलबतें जाळलीं, तेव्हां दिलगिरी कळविण्यास लॉर्ड किन्नूल यांस लिस्बनला धाडावें लागलें. १९१५ सालीं चिलीच्या पाण्यांत 'ड्रेस्डेन'वर तोफा डागल्या, तेव्हांही चिलीचा निषेध आला व इंग्लंडनें माफी मागितली. गलबतें परत मिळालीं नाहींत हें खरें, तरी दुसऱ्याचें घर तें दुसऱ्याचें, एवढें कागदावर तरी राहिलें. मुरगांवीं सैनिकांऐवजीं हे गृहस्थ कां निवडले, याचें मर्म येथें आहे: ज्या कृत्याचा धनी कोणतेंच सरकार नाहीं, त्याबद्दल निषेधाचा खलिता कोणाच्या हातीं द्यावयाचा? लीझर यांस ही युक्ति केवळ गमतीची वाटते. आम्हांस ती पुस्तकांतील सर्वांत गंभीर गोष्ट वाटते.

आणि तो खलिता लिहिण्याचा हक्क तरी लिस्बनचाच. बंदर ज्यांच्या दारांत, त्या गोमंतकीयांस जाहीर सभेचेंही स्वातंत्र्य नव्हतें. १८ जून १९४६ रोजीं मडगांवीं डॉ. राममनोहर लोहिया बोलावयास उभे राहिले, तों त्यांस अटक झाली. लीझर यांच्या कथेंत हा गोमंतकीय मेजवान्यांच्या गडबडींत कोठें तरी मागें उभा आहे. आपल्या खाडींत रात्रीं आग कां लागली, हें त्यास कोणी सांगत नाहीं.

त्याच १९४३ च्या ऑक्टोबरांत 'ग्रिप्सहोल्म' हें स्वीडिश व 'तेइआ मारू' हें जपानी जहाज याच मुरगांवीं लागलें, आणि युद्धांत अडकून पडलेल्या जपानी व अमेरिकन नागरिकांची अदलाबदल झाली. बंदर तटस्थ होतें म्हणूनच तें साधलें. त्या प्रसंगावर कोणी असेंच रंगवून लिहील, तर तें पुस्तक आम्ही आनंदानें विकत घेऊं.