फर्नचा तांडा

‘नोमॅडलँड’ची सुरुवात सामान काढण्यापासून होते. आधी एक पाटी येते, सरकारी नोटिशीसारखी कोरडी. जिप्समच्या तक्त्यांची मागणी घटली, म्हणून 31 जानेवारी 2011 रोजी नेवाडा राज्यातल्या एम्पायर गावचा कारखाना 88 वर्षांनी बंद झाला आणि जुलैपर्यंत त्या गावचा पिनकोडही रद्द झाला. मग भाड्याच्या गाळ्याचं शटर वर जातं. आत कोंबलेला संसार आणि दाराशी साठी ओलांडलेली फर्न. काय सोबत न्यायचं आणि काय मागे ठेवायचं, एवढंच ती ठरवत असते. ताटल्या निवडते. मेलेल्या नवऱ्याचं कामावरचं जाकीट हाती येतं, ते तोंडाशी धरते, वास घेते. संवाद नाही, रडणं नाही. पुढच्या पावणेदोन तासांत या बाईचं दुःख कोणत्या भाषेत बोलणार आहे, हे इथेच कळतं. ते वस्तूंच्या भाषेत बोलणार आहे.

सूतगिरणी बंद पडली, साखर कारखान्याला टाळं लागलं, हे विदर्भाने पुष्कळ पाहिलंय. पण कारखाना गेला तरी गाव राहतं, पोस्टमन येत राहतो, ग्रामपंचायतीची निवडणूक होते. एम्पायरमध्ये घरंही कंपनीचीच होती, म्हणून मालकाने कुलूप लावलं तेव्हा ते एका फाटकाला लागलं नाही, सगळ्या गावाला लागलं.

जेसिका ब्रूडर या पत्रकार बाईंनी म्हातारपणी गाडीतच संसार थाटून मजुरीसाठी फिरणाऱ्या अमेरिकनांवर लिहिलेलं पुस्तक 2017 मध्ये आलं. त्यावरून क्लोई झाओने हा चित्रपट केला. 2018 च्या शरदात सुमारे चार महिने चित्रीकरण चाललं. 2020 मध्ये व्हेनिसचा सुवर्णसिंह आणि पुढच्या वर्षी सर्वोत्तम चित्रपट, दिग्दर्शन आणि अभिनेत्रीची ऑस्करं, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की फर्न झालेली फ्रान्सिस मॅक्डॉरमंड आणि डेव्ह झालेला डेव्हिड स्ट्रॅथेर्न हे मुरलेले नट सोडले, तर लिंडा मे, स्वँकी, बॉब वेल्स ही माणसं खरोखर गाडीत राहणारी आहेत आणि आपल्याच नावाने पडद्यावर आली आहेत.

आपल्याकडे हा चित्रपट पुष्कळांनी सहलीचा म्हणून पाहिला. वाळवंट, मोकळा रस्ता, गाडीतच पलंग आणि शेगडी. महाराष्ट्र सरकारचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणही 2021 चंच, त्यामुळे ती हौस हवेत होतीच. पण फर्नच्या वर्षाकडे नीट पाहावं. नाताळाच्या आधी अ‍ॅमेझॉनच्या गोदामात पार्सलं बांधणं. जानेवारीत ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइटच्या वाळवंटात मुक्काम, कारण तिथे थंडी सोसवते आणि जागेचं भाडं पडत नाही. उन्हाळ्यात साउथ डकोटातल्या बॅडलँड्समध्ये पर्यटकांच्या तळावर संडास धुणं, मग तिथल्याच मोठ्या उपाहारगृहाच्या भटारखान्यात काम. शरदात नेब्रास्कात बीटचा हंगाम. आणि पुन्हा गोदाम. ती निसर्ग बघत फिरत नाही. काम जिकडे निघेल तिकडे गाडी वळवते, निसर्ग वाटेत लागतो.

वऱ्हाडातल्या आमच्या शेलूबाजारला राहणाऱ्याला हे पंचांग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. अकोल्याहून मंगरूळपीरकडे जाणारा आणि कारंजा–मालेगावचा असे दोन रस्ते इथे एकमेकांना छेदतात. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाल्यापासून समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही आला आहे. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची सोंगणी पेटते. मेळघाटातून कोरकू कुटुंबं वऱ्हाडात उतरतात, टेम्पोतून मजुरांच्या टोळ्या येतात, गोठ्यात नाहीतर धुऱ्यावर पाल ठोकून राहतात. सुड्या लागतात, हडंबा एका वावरातून दुसऱ्या वावरात फिरतो. हार्वेस्टरवाले तर पीक जसं पिकेल तसे मुलूख बदलत येतात, मशीनच्या आसऱ्यालाच त्यांची चूल. त्याच दिवसांत तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेल्या ट्रकांत पत्र्याच्या पेट्या, पिठाचे डबे, कोंबड्या आणि लेकरं एकावर एक रचलेली असतात. समृद्धीवरून ताशी 120 ने जाणाऱ्या मोटारीतल्या माणसाला यातलं काही दिसत नाही. नव्या रस्त्याच्या कठड्याने तेवढी सोय केली आहे.

गाडीच्या आतली दृश्यं हा या चित्रपटाचा सर्वात मोठा गुण. फर्नने आपल्या पांढऱ्या फोर्ड व्हॅनला नाव ठेवलंय, ‘व्हॅनगार्ड’. गोदामातल्या मैत्रिणीला ती गाडी दाखवते तेव्हा नव्या घरात आलेल्या बाईचा उत्साह तिच्या हातात असतो. नवऱ्याची मासेमारीची पेटी तिने फळीसारखी उघडेल अशी बसवली आहे. कडी लावली की ओटा मोठा होतो. झाओ ही कडी लावतानाचा हात दाखवते. दिवंगत नवऱ्याबद्दल चार ओळींचं भाषण सहज लिहिता आलं असतं. त्याऐवजी त्याच्या पेटीवर ही रोज भाजी चिरणार आहे, एवढं आपल्याला कळतं.

आणि त्या ताटल्या. शाळा संपली तेव्हा वडिलांनी जुन्या बाजारातून एकेक हुडकून जमवलेला संच. त्यावरच्या नक्षीचं नाव ‘ऑटम लीफ’, पानगळीतली तांबूस पानं. चित्रपटात शरद आहे, पण तो झाडांवर फारसा नाही. या मुलखात झाडंच विरळ, ऋतू कळतो तो उतरत्या उन्हावरून आणि कामाच्या बदलावरून. पानगळ आहे ती ताटल्यांवर. बॅडलँड्समध्ये डेव्ह मदत करायला म्हणून खोका उचलतो, खालचा पुठ्ठा सुटतो, ताटल्या फुटतात. डेव्ह भला माणूस आहे, फर्नवर त्याचा जीव जडतो आहे, प्रेक्षकालाही तो आवडू लागलाय. नेमक्या त्या वेळी ती त्याच्यावर ओरडते आणि त्याला हाकलते. मग एकटी बसून तुकडे डिंकाने जोडते. पुढे मुलाच्या घरी राहायला गेलेला डेव्ह तिलाही तिथेच राहा म्हणतो. ती नाही का म्हणते, याचं उत्तर मला तरी त्या फुटलेल्या ताटल्यांत सापडतं. भल्या माणसाची मदतसुद्धा तिला आता सोसत नाही, कारण तिच्याकडे जे आहे ते सगळं एका खोक्यात मावतं. त्या घरात मऊ गादीवर तिला झोप लागत नाही, ती उठून बाहेर गाडीत जाऊन झोपते. काही समीक्षकांना हे स्वातंत्र्याचं गाणं वाटलं. मला त्यात हट्ट दिसतो, भीतीही दिसते, आणि दिग्दर्शिकेने दोन्हींपैकी एकावर बोट ठेवलेलं नाही हे बरं वाटतं.

गाडी बंद पडते तेव्हा दुरुस्तीचा खर्च दोन हजार डॉलरांवर जातो. मेकॅनिक सांगतो, एवढे घालण्यापेक्षा विकून टाका. त्याचा हिशेब चोख आहे. फक्त गिऱ्हाईक त्या गाडीत राहतं, हे त्याच्या हिशेबात नाही. पैसे बहिणीकडून आणावे लागतात, आणि बहिणीच्या अंगणात जमिनी-घरांचा धंदा करणाऱ्या पाहुण्यांशी फर्नचं वाजतं. लोकांना ऐपतीबाहेरच्या कर्जात ढकलून घरं विकता, असं ती तोंडावर म्हणते. म्हणणं खरं आहे, पण उसने पैसे मागायला आलेल्या माणसाने ते म्हणावं, यात दृश्याची धार आहे.

आता क्वार्ट्झसाइट. बॉब वेल्स दर जानेवारीत गाडीतल्या लोकांचा तिथे मेळावा भरवतो. पांढऱ्या दाढीचा हा गृहस्थ समजावतो की आयुष्यभर राबवून घोड्याला कुरणात सोडून देतात तसं आपल्याला सोडलंय, तेव्हा आपली काळजी आपणच एकमेकांनी घेतली पाहिजे. शेकोटीभोवती एकेक जण आपली हकीकत सांगतो. जुन्या वस्तूंची अदलाबदल होते. फर्नच्या गाडीचं चाक पंक्चर होतं, स्टेपनी नाही, तेव्हा स्वँकी तिला चांगलीच झापते. अशा आडरानात स्टेपनी न घेता येणं म्हणजे जिवाशी खेळ. मग हातात पाना देऊन शिकवते.

हे सगळं पाहताना मला सतत तांडा दिसत होता. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी आमच्यापासून फार लांब नाही. रामनवमीला तिथे देशभरातून बंजारा समाज लोटतो. या समाजाची लदेणी पावसाळा संपून वाटा वाळल्या की निघायची, बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखच्या मुलूख पार करायची. नाईक पुढे, कारभारी हिशेबाला, आणि चालणाऱ्या गावाचा स्वतःचा न्याय. रेल्वे आणि पक्क्या सडका आल्या तशी लदेणी मोडली. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या सावटाखाली फिरस्त्या जमातींना जन्मतःच संशयित ठरवलं गेलं. तो कलंक कायद्याने पुसायला 31 ऑगस्ट 1952 उजाडावं लागलं. म्हणजे चालतं गाव बसवण्याची सक्ती आमच्याकडे झाली, आणि अमेरिकेत बसलेल्या गावातल्या म्हाताऱ्यांना बाजाराने चालतं केलं.

झाओने जे टिपलंय ते हेच, की जन्माने तांडा नसलेली ही माणसं वर्षातून एकदा तांडा बनवतात आणि मोडतात. नाईक म्हणून बॉब आहे. वाटेची विद्या देणारी स्वँकी आहे. पण या तळावर पोरं नाहीत. कुणाच्या कडेवर मूल नाही, गाडीमागे धावणारं कुणी नाही, भांडण नाही, लग्न नाही. ऊसतोडीच्या ट्रकात निम्मी गर्दी लेकरांचीच असते, आणि त्यांची शाळा बुडते ही आमची मोठी चिंता. फर्नच्या तांड्याची चिंता वेगळी. मेल्यावर कळणार कुणाला?

स्वँकीचा प्रसंग त्या चिंतेवरचं उत्तर आहे. आजार बळावलाय, थोडेच महिने उरलेत, हे ती फर्नला सांगते आणि लगेच नदीवरची एक आठवण काढते. कड्याला लागलेली पाकोळ्यांची शेकडो घरटी आणि पाण्यावर तरंगत जाणारी अंड्यांची टरफलं. पुढे तिच्याकडून त्या पाखरांचा व्हिडिओ फर्नच्या फोनवर येतो, आणि त्यानंतरच्या शेकोटीत तिच्या नावाने सगळे एकेक दगड टाकतात. मी हे खरं समजून पाहिलं, तुम्हीही तसंच पाहाल. पण तो आजार पटकथेतला आहे, पडद्यावर मरणारी स्वँकी प्रत्यक्षात मेली नव्हती. आपल्याच नावाने आपलं मरण खेळायचं म्हणजे छाती पाहिजे. तिने ती आठवण ज्या ओघात सांगितली आहे, तसा ओघ तालमीने येत नाही.

खटकतं ते गोदाम. चित्रीकरण अ‍ॅमेझॉनच्या खऱ्या गोदामात झालं आणि कदाचित त्याचीच किंमत चित्रपटाने मोजली. ब्रूडर यांच्या पुस्तकात कामाने मोडलेली अंगं आहेत, भिंतीवर टांगलेल्या वेदनाशामक गोळ्यांच्या पेट्या आहेत. इथे मात्र फर्न पैसे चांगले मिळतात म्हणते आणि दृश्य पुढे सरकतं. ऊसतोडीवरच्या एखाद्या मराठी चित्रपटात मुकादम आणि त्याची उचल गाळली, कोयता तेवढा चमकवला, तर आपण दिग्दर्शकाला सोडलं असतं का? जोशुआ जेम्स रिचर्ड्सचा कॅमेरा तिन्हीसांजेच्या उजेडाला फार लोभावलेला आहे, त्या उजेडात कष्टसुद्धा देखणे दिसतात. पार्श्वसंगीतातला एइनॉडीचा पियानोही दोन-तीन ठिकाणी थांबायला हवा होता.

शेवटाकडे फर्न एम्पायरला परत येते. गाळा रिकामा करते, उरलेलं सामान देऊन टाकते. आमचा ऊसतोड्या मृगाच्या आत परततो, कारण घराला कुलूप असलं तरी ओसरीवर म्हातारी असते, वावर असतं, पेरणी असते. फर्न परतते ती सोडून देण्यासाठी. कारखान्याच्या धुळकट कचेरीतून ती आपल्या जुन्या घरात जाते. त्या घराच्या मागे कुंपण नाही, थेट डोंगरापर्यंत मोकळं वाळवंट आहे, हे तिने कितीतरी आधी बोलण्याच्या भरात सांगितलेलं असतं. आपण विसरलेलो असतो. आता मागचं दार उघडतं आणि ते वाळवंट समोर येतं. ऐकलेली जागा अशी उशिरा दाखवायला दिग्दर्शकाचा हात ठाम लागतो. म्हणूनच त्यानंतर पडद्यावर येणारी अर्पणपत्रिका मला नको वाटते. गेलेल्यांना पुढच्या वाटेवर भेटू, हे बॉबने थोड्याच वेळापूर्वी, स्वतःच्या मुलाच्या मृत्यूबद्दल बोलताना सांगून झालेलं असतं, आणि त्याच्या तोंडी ते शोभलंही होतं. दाराचं दृश्य मिळाल्यावर झाओने तेच पुन्हा अक्षरांत लिहायला नको होतं.