एकपेशीय जीवांतील प्रकाशसंश्लेषणाचे मापन : प्रतिदीप्ति-पद्धतीच्या मर्यादा

एकेका पेशीतील प्रकाशसंश्लेषण प्रकाशाच्याच साहाय्याने अजमावण्याची कल्पना नवी नव्हे. १८८२ साली एंगेलमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या शैवालतंतूवर वर्णपट पाडला. ऑक्सिजनकडे धाव घेणारे जीवाणू तांबड्या व निळ्या पट्ट्यांत गोळा झाले. तेथे दिसले ते क्रियेचे फलित. काउट्स्की व हिर्श यांनी १९३१ मध्ये वर्णिलेल्या हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवर आधारलेली पद्धती याच्या उलट आहे. शोषलेल्या प्रकाशापैकी जो कामी न येता पुन्हा बाहेर पडतो, तोच ती मोजते. कामी आलेल्या प्रकाशाचा हिशेब अनुमानाने मांडला जातो.

हे अनुमान सर्वत्र सारखेच ग्राह्य नाही. अंधारातील न्यूनतम व क्षणिक प्रखर झोतातील महत्तम प्रतिदीप्ती यांच्या फरकास महत्तमाने भागले असता निरोगी उच्च वनस्पतींत सुमारे ०.८३ हे गुणोत्तर मिळते. नील-हरित जीवाणूंत मात्र फायकोबिलिन रंजकांची दीप्ती न्यूनतम मूल्यात मिसळते. गुणोत्तर घटते आणि धडधाकट पेशीही रोगट भासते. शिवाय हे मापन मुख्यतः दुसऱ्या प्रकाशप्रणालीचे आहे. तेथून निघालेले सर्व इलेक्ट्रॉन कार्बनच्या सात्मीकरणाकडेच जातात असे नाही. काही ऑक्सिजनकडेही वळतात.

असंख्य पेशींच्या सरासरीखाली झाकले जाणारे भेद ही पद्धती उघड करते, हे तिचे श्रेय निर्विवाद होय. तथापि एकाच जातीच्या पेशींची तुलना करण्यापलीकडे जाऊन तिच्या आकड्यास कार्बन-सात्मीकरणाचा वेग म्हणणे, म्हणजे अनुमानास मापनाचा दर्जा देणे होय.