बर्फातले तीन तास

ही पोस्ट एका जुन्या फोटोबद्दल आहे. पण त्याआधी माझी एक चूक सांगते, कारण ती केली नसती तर या फोटोकडे मी नुसतं 'वा!' म्हणून पुढे गेले असते.

माझा विषय हिवाळ्यातलं धुरकं. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा जास्त गार होते, शहरावर झाकण बसल्यासारखं होतं आणि गाड्यांचा धूर, शेकोट्यांचा धूर, धूळ सगळं खालीच अडकतं. उपकरणं आहेतच, पण जोडीला आम्ही एक साधं काम ठरवलं होतं: पुण्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवरून रोज सकाळी साडेसातला वेताळ टेकडीचा फोटो. कॅमेरा तोच, जागा तीच. टेकडी किती फिकी दिसते त्यावरून हवेत किती कण आहेत याचा अंदाज बांधता येतो.

फेब्रुवारीअखेर मी फोल्डर मॅडमसमोर उघडलं. त्यांनी वर-खाली केलं आणि विचारलं, "मधल्या तारखा कुठे आहेत?" मी म्हटलं, "त्या दिवशी काही दिसतच नव्हतं मॅडम, नुसतं पांढरं. खराब आले म्हणून डिलीट केले." त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, आपल्याला तेच दिवस हवे होते."

अकरा फोटो गेले होते, आणि ते नेमके सगळ्यात दाट धुरक्याचे. उरलेल्या फोटोंवरून सरासरी काढली असती तर त्या वर्षी पुण्याची हवा झकास होती असं निघालं असतं. तो हिवाळा वाया गेला, पुढच्या नोव्हेंबरपासून सगळं पुन्हा केलं.

त्याच उन्हाळ्यात, वैतागलेली असताना, मी आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा 'विंटर, फिफ्थ अॅव्हेन्यू' नीट पाहिला. न्यूयॉर्क, 22 फेब्रुवारी 1893. हिमवादळात रस्त्यावरून एक घोडागाडी आपल्या दिशेने येते आहे. बर्फात चाकांच्या खोल चाकोऱ्या पडल्यात. मागच्या इमारती पांढऱ्यात विरघळत गेल्यात. शहरातली हिवाळी फोटोग्राफी म्हटलं की बहुतेक पुस्तकं इथूनच सुरुवात करतात.

हा फोटो का चालतो, याचं एक कारण भौतिकशास्त्रात आहे. हवेतले कण, मग ते धुराचे असोत की बर्फाचे, प्रकाश विखुरतात. त्यामुळे वस्तू जितकी लांब तितका तिचा पार्श्वभूमीशी असलेला कॉन्ट्रास्ट कमी होतो, आणि तो घातांकी वेगाने कमी होतो. हाराल्ड कोशमीडर यांनी 1924 मध्ये हे सूत्रात बसवलं, आम्ही आजही तेच वापरतो. वादळात हा पल्ला आखूड होतो. जवळची गाडी काळी राहते, मागचं शहर पुसलं जातं. एरवी त्या रस्त्यावर पाट्या, खिडक्या, माणसं, शंभर गोष्टींचा गोंधळ असणार. फोटोग्राफरने काही करण्याआधीच बर्फाने निम्मी निवड करून टाकलेली असते.

उरलेली निम्मी स्टिग्लिट्झने केली, आणि कशी केली ते स्वतःच लिहून ठेवलं. 1897 सालच्या एका अमेरिकन फोटोग्राफी वार्षिकात हातात धरायच्या कॅमेऱ्यावर त्याचा लेख आहे. त्यात तो सांगतो की या फोटोसाठी तो तीन तास वादळात उभा होता, सगळ्या गोष्टींचा तोल जमेल त्या क्षणाची वाट बघत. पुढे हेही सांगतो की आपल्या निगेटिव्हचा तो बहुधा एखादाच भाग वापरतो, तेवढाच मोठा करतो. म्हणजे आधी तीन तासांतून एक क्षण, मग त्या काचेतून एक तुकडा.

संशोधन शिकणाऱ्यांनी हा लेख जरूर वाचावा, आपल्या भाषेत सांगायचं तर हा त्याचा मेथड्सचा भाग आहे. किती वेळ थांबलो, काय निवडलं, काय कापलं, सगळं उघड. गंमत अशी की म्हातारपणी त्याने याच फोटोची वेगळी गोष्ट सांगितली: निगेटिव्ह पाहून बरोबरचे लोक हसले, अस्पष्ट आहे, फेकून दे म्हणाले, आणि याला मात्र नव्या युगाची चाहूल लागली होती. पुस्तकांत हीच गोष्ट जास्त रंगते. लेख घटनेनंतर चार वर्षांत छापलेला, किस्सा कित्येक दशकांनी आठवलेला. दोन्ही खरे असतीलही. पण माझ्यापुढे दोन्ही ठेवले तर मी वजन लेखाला देईन.

आता माझी तक्रार. या फोटोला सर्रास 'शहराचं रोजचं जीवन' म्हणतात. तोल जमलेला तो एक क्षण त्या तीन तासांतला सगळ्यात कमी 'रोजचा' क्षण असणार, नाही का? तो निवडला गेला तोच इतरांसारखा नव्हता म्हणून. दुसरं म्हणजे तारीख. 22 फेब्रुवारी म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचा वाढदिवस, अमेरिकेत तेव्हाही सरकारी सुट्टी. तो बुधवार होता. रोजच्या जगण्याचं प्रतीक झालेला फोटो आठवड्याच्या मधल्या सुट्टीच्या दिवशीचा आहे, हे मला कुठल्याच परिचयात ठळकपणे लिहिलेलं दिसलं नाही. कॅलेंडर उघडून बघितलं तेव्हा कळलं. गाडीवाला मात्र सुट्टीच्या दिवशी वादळात कामावर आहे. फोटोत तो एक गडद आकार आहे, तोलासाठी योग्य जागी आलेला.

फोटो वाईट आहे असं मी म्हणत नाही. कलावंताने निवडावंच. अडचण तेव्हा होते जेव्हा आपण निवडीला नमुना समजतो.

म्हणून मला त्याचाच 1893 सालचा दुसरा फोटो जास्त आवडतो, 'द टर्मिनल'. घोड्यांच्या ट्रामचा शेवटचा थांबा. चालक पाठमोरा उभा आहे, घोड्यांकडे बघतो आहे, आणि घोड्यांच्या अंगातून वाफ निघते आहे. बस, एवढंच. इथे वादळ नाही, धूसर पडदा नाही. रस्त्यावर तुडवलेला, मळलेला बर्फ आहे.

पण थंडी किती आहे ते याच फोटोतून कळतं. घाम आलेल्या, तापलेल्या अंगाजवळची दमट हवा बाहेरच्या गार हवेत मिसळली की तिच्यातल्या बाष्पाचे थेंब होतात आणि ते आपल्याला दिसतात. ही वाफ दिसायला दोन गोष्टी लागतात: हवा गार हवी आणि घोडा दमलेला हवा. एकाच खुणेत हवामानही आलं आणि मजुरीही. पहिल्या फोटोत हवामान दृश्य म्हणून येतं, इथे ते कुणाच्या तरी अंगावर काय परिणाम करतं त्यातून येतं. आम्ही ज्याला प्रॉक्सी म्हणतो तो प्रकार हाच, थेट मोजता येत नाही म्हणून परिणामावरून ओळखणं. आणि चांगला प्रॉक्सी नेहमी असा साधा, जरा मळकाच असतो. (स्टिग्लिट्झने पुढे या फोटोला स्वतःच्या एकटेपणाशी जोडलं. असेल. मला घोडेच दिसतात.)

आंद्रे केर्तेसबद्दल थोडक्यात. हंगेरीहून पॅरिस, तिथून 1936 मध्ये न्यूयॉर्क. 1952 पासून तो वॉशिंग्टन स्क्वेअरजवळ बाराव्या मजल्यावर राहायचा आणि खिडकीतून लांब पल्ल्याच्या लेन्सने बर्फातल्या बागेचे फोटो काढायचा. 1954 चा त्यातला एक फार प्रसिद्ध आहे: झाडांच्या काळ्या फांद्या, वळणदार वाटा, कुंपण, एकटा माणूस. देखणा फोटो. पण बाराव्या मजल्यावरून माणूस कागदावरच्या स्वल्पविरामाएवढाच होतो. माझी गच्चीही अशीच होती. तिथून टेकडी दिसायची, खाली धुरक्यात झाडू मारणारे लोक दिसायचे नाहीत.

थांबायचं ते सॉल लायटरपाशी. 1946 मध्ये धर्मशिक्षण सोडून मूळचा पिट्सबर्गचा हा चित्रकार व्हायला न्यूयॉर्कला आला आणि पुढे आयुष्यभर आपल्या घराच्या आसपासच्या गल्ल्यांचे फोटो काढत राहिला. रंगीत स्लाइड्सवर, जेव्हा 'गंभीर' फोटोग्राफी कृष्णधवलच समजली जायची. बरेच फोटो दशकानुदशकं डब्यात पडून होते. 'अर्ली कलर' हे पुस्तक आलं 2006 मध्ये, तेव्हा तो ऐंशी पार होता. (पीएचडीला किती वर्षं लागणार म्हणून रडणाऱ्यांनी नोंद घ्यावी. मीही घेते.)

त्याचा 1960 चा 'स्नो' बघा. दव धरलेली काच, तिच्यावरून ओघळलेले थेंब, आणि पलीकडे बर्फाळ रस्त्यावर एक पुसटसा माणूस. चेहरा नाही, नीट कडा नाहीत. माझ्या फोल्डरमध्ये हा असता तर मी 'खराब' म्हणून उडवला असता.

मला या फोटोत काच महत्त्वाची वाटते. काचेवर दव कधी धरतं? आतली हवा उबदार आणि दमट असते आणि काच तिच्या दवबिंदूपेक्षा गार झालेली असते तेव्हा. दव आतल्या बाजूला धरतं. म्हणजे कॅमेरा उबेत आहे आणि तो माणूस थंडीत, हे फोटोच सांगतो, आपण कुठलाही लेख न वाचता. स्टिग्लिट्झने आपण कुठे आणि किती वेळ उभे होतो ते शब्दांत लिहिलं. केर्तेसची उंची आपल्याला कोनावरून ओळखावी लागते. लायटरने निरीक्षकाची जागा चित्रातच ठेवली. मधला अडथळा त्याने पुसला नाही, त्याच्यावरच फोकस केला.

यावर कुणी म्हणेल, हे फिजिक्सवालीचं वाचन झालं, त्याला फक्त रंग आणि आकार हवे होते. शक्य आहे. त्याच्या मनात काय होतं यावर माझा दावा नाही. दव मात्र त्याच्या मनावर अवलंबून नाही.

एक तांत्रिक गोष्ट राहिली, कारण तुमच्यापैकी काहीजण या डिसेंबरात मनालीला जाणार आणि करडा बर्फ घेऊन परत येणार. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्याइतकं, साधारण 18 टक्के प्रकाश परत पाठवणारं आहे असं धरून चालतो. ताजा बर्फ 80 टक्क्यांहून जास्त परत पाठवतो. मीटरला वाटतं उजेड फार झाला, म्हणून तो फोटो काळवंडवतो. एक ते दोन स्टॉप एक्स्पोजर वाढवा. दाट धुरक्यातही थोड्याफार प्रमाणात हेच होतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यातले, वाचलेले फोटोसुद्धा ऑटोवर काढलेले होते, म्हणजे कॅमेरा दर सकाळी वेगळी दुरुस्ती करत होता आणि मी त्यांची आपसात तुलना करत होते. तेही मॅडमनीच दाखवलं, दुसऱ्या दिवशी. एका दिवसात दोन धक्के नकोत म्हणून थांबल्या होत्या म्हणे.

दुसऱ्या हिवाळ्यात एक्स्पोजर मॅन्युअलवर लॉक केलं आणि रोज एक ओळ वहीत लिहिली. 9 जानेवारीची ओळ अशी आहे: टेकडी दिसत नाही, समोरची पाण्याची टाकीही नाही, वॉचमनकाका मफलर तोंडावर घेऊन खोकतायत, फोटो काढला. फोटो नुसता पांढरा आहे. तो थीसिसमध्ये पानभर छापायचा असं ठरलंय.