‘विकृती’ की ‘रूपभेद’? : पुरुषवंध्यत्वविषयक परिभाषेचे परीक्षण

शास्त्रीय लेखनात परिभाषा हा केवळ सोयीचा प्रश्न नसतो. सदोष संज्ञा वाचकाच्या हाती सदोष निष्कर्ष देते. पुरुषवंध्यत्व व गुणसूत्रे यांविषयीचे मराठी लेखन या दृष्टीने तपासण्यासारखे आहे.

प्रथम ‘नपुंसक’ हा शब्द घ्यावा. तो समागमाची असमर्थता दर्शवितो, शुक्राणूंचा अभाव नव्हे. वीर्यात शुक्राणू मुळीच नसलेला पुरुषही समागमास सर्वथा समर्थ असू शकतो. म्हणून ‘अशुक्राणुता’ व ‘अल्पशुक्राणुता’ ह्या संज्ञाच ग्राह्य होत. उलट ‘वांझ’ हा शब्द रूढीने स्त्रीलाच चिकटला, आणि तपासणीपूर्वीच दोष कोणाचा हे भाषेने ठरवून टाकले.

अधिक गंभीर गोंधळ ‘गुणसूत्रविकृती’ या संज्ञेत आहे. १९५९ साली जेकब्ज व स्ट्राँग यांना क्लाइनफेल्टर लक्षणसमूहाच्या एका रुग्णात ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे आढळली. जादा गुणसूत्र एक्स होते. १९७६ साली तिएपोलो व झुफार्डी यांनी अशुक्राणुता असलेल्या काही पुरुषांत वाय गुणसूत्राच्या दीर्घ भुजेचा अंश लोपलेला दाखविला. असे बदल शुक्राणुनिर्मितीवरच आघात करतात; त्यांस विकृती म्हणणे योग्य. परंतु नवव्या गुणसूत्राचा मध्यभाग उलटा असणे, किंवा वाय गुणसूत्रावरील हेटरोक्रोमॅटिन लांब वा आखूड असणे, हे अपत्यवान पुरुषांतही आढळते. ‘पाणी–पानी’ हा उच्चारभेद अर्थ बदलीत नाही. ‘मन–मण’ हा बदलतो. भेद दिसला, एवढ्यावरून अर्थभेद सिद्ध होत नाही. अशा भेदांस ‘रूपभेद’ म्हणावे.

हे रूपभेद वंध्य पुरुषांत अधिक आढळतात, असे काही संशोधक म्हणतात. इतरांना तसे आढळलेले नाही. अशा वेळी ‘संबंध आहे’ हे मोघम विधान सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांतील अंतर पुसून टाकते.

‘किमान’ या शब्दाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेतील संदर्भमर्यादा दर मिलिलिटरला १.६ कोटी शुक्राणू अशी आहे. परंतु ज्यांच्या पत्नीस वर्षभरात गर्भधारणा झाली, अशा पुरुषांपैकीही सुमारे शेकडा ५ जण या मर्यादेखाली होते. ती वंध्यत्वाची सीमारेषा नव्हे.

व्याकरणात ‘विकारी’ शब्द रोगी नसतो. तो केवळ रूप बदलतो. व्याकरणाने पाळलेला हा विवेक वैद्यकीय मराठीनेही पाळावा. अहवालातील एका शब्दाने निरोगी माणूस आयुष्यभर स्वतःस दोषी मानू शकतो.