फिल्म श्रेष्ठ की डिजिटल?

छायाचित्रणाचे दोन हौशी एकत्र आले की हा वाद निघतोच. एकजण म्हणतो, फिल्मवरच्या चित्राला जो जीव असतो तो डिजिटलला नाही. दुसरा मेगापिक्सेलचे आकडे पुढे करतो. आम्ही दोन्ही बाजू पुष्कळ ऐकल्या. आमची तक्रार एवढीच, की या वादात मते भरपूर असतात आणि मोजमाप जवळजवळ नसते.

मालवणच्या किनाऱ्यावरचे उदाहरण घेऊ. भर दुपारी तारकर्लीची पांढरी वाळू आणि माडाखालची सावली एकाच चौकटीत पकडायची आहे. निगेटिव्ह फिल्मवर प्रकाश वाढत गेला की घनता वाढते, पण पुढे पुढे तिचा वेग मंदावतो. त्यामुळे वाळूतल्या लाटांच्या रेघा बऱ्याचशा टिकतात. डिजिटल संवेदकावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे पागोळीखाली ठेवलेली वाटी समजा. वाटी भरली की पुढचे पाणी सांडते आणि किती सांडले याची नोंद राहत नाही. वाळू मग नुसती पांढरीफेक उमटते. तेव्हा ‘प्रकाश सावलीसाठी मोजा’ हा जुन्या छायाचित्रकारांचा सल्ला निगेटिव्हपुरता खरा. डिजिटलमध्ये आधी उजेड सांभाळावा लागतो. स्लाइडच्या फिल्मलाही उजेडच सांभाळावा लागे, हे फिल्मचे अभिमानी सोयीस्करपणे विसरतात.

रात्री दशावतार पाहायला गेलो की पारडे फिरते. सिल्व्हर ब्रोमाइडच्या कणावर थोड्या अवधीत काही प्रकाशकण पडले तरच तो कण पुढे रसायनात काळा होतो. एकटादुकटा प्रकाशकण बहुधा वाया जातो. डिजिटल संवेदकात मात्र पडलेल्या प्रकाशकणांपैकी बराच मोठा वाटा इलेक्ट्रॉन मोकळे करतो, आणि ते मोजता येतात. खगोलशास्त्रज्ञांनी फोटोच्या काचा सोडून सीसीडी जवळ केली ती याच कारणाने. १९६९ साली बॉइल आणि स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. तिला २००९ साली नोबेल मिळाले.

टिकाऊपणाचा दावा तर कोकणात बसून तपासावा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा, म्हणजे बुरशीचे आयते अन्न. पावसाळ्यातल्या दमट हवेत पत्र्याच्या ट्रंकेत ठेवलेल्या निगेटिव्ह एकमेकींना चिकटतात, त्यांवर जाळी धरते. भिंगालाही बुरशी लागते, आणि भिंग डिजिटल कॅमेऱ्यालाही असतेच. फाइलला बुरशी लागत नाही हे खरे, पण कार्ड निकामी झाले किंवा मोबाइल समुद्रात पडला की दुसरी प्रत नसलेली सगळी चित्रे एका क्षणात जातात. खराब निगेटिव्हमधून निदान अर्धा चेहरा तरी ओळखता येतो.

असे वाद नवे नाहीत. टॅल्बॉटने १८४१ साली आपल्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेतले. आर्चरने १८५१ साली ओल्या कलोडियनची कृती पेटंट न घेता छापून टाकली. काच ओली असेतो चित्र घेऊन धुवायचे, अशी ही कटकटीची पद्धत. तरी काही वर्षांतच तिने जुन्या पद्धतींना मागे टाकले. गुण तर तिचे होतेच, पण कृती कोणालाही वाचून करता येत होती, याचाही वाटा आम्हाला मोठा वाटतो. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. नारायण दाजी तिचे सभासद होते. ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू. घराणे मांद्र्याचे, म्हणजे सिंधुदुर्गाची हद्द संपून तेरेखोल ओलांडली की लागणाऱ्या पेडण्यातले. या संस्थेचे स्वतःचे नियतकालिक होते आणि सभासद आपापली चित्रे एकमेकांपुढे मांडत.

आज गावोगावच्या स्टुडिओंतल्या अंधाऱ्या खोल्या बंद झाल्या आहेत. पाण्याचे तापमान किती ठेवायचे, पावसाळ्यात फिल्म कशी वाळवायची, हे ठाऊक असलेली माणसे साठीपलीकडे गेली. श्रेष्ठ कोण, हे विचारण्यापेक्षा त्यांना हे विचारलेले आम्हाला अधिक आवडेल.

शाळेत एक प्रयोग करता येईल. उन्हात पांढरी चादर आणि सावलीत जांभ्याचा चिरा ठेवावा. कॅमेरा किंवा मोबाइल स्थिर ठेवून, दर वेळी प्रकाश दुप्पट करत आठ-दहा चित्रे घ्यावीत. चादरीची वीण कितव्या चित्रात नाहीशी होते आणि चिऱ्याची भोके कितव्या चित्रापासून दिसू लागतात, हे मुलांनी फळ्यावर मांडावे. कोणाकडे जुना फिल्म कॅमेरा चालू स्थितीत असेल, तर त्याचाही एक रकाना शेजारी ओढावा.