गांवच्या हिरवळीचे राखणदार

रॉक संगीत हें तारुण्याचें संगीत. तें विशीच्या आंतबाहेर ऐकावें व पुढें कपाटांत ठेवून द्यावें, असा समज आपल्या सुशिक्षित कुटुंबांतून रूढ आहे. आणि त्या संगीताचा बराचसा भाग पाहतां तो अगदींच निराधार आहे असें म्हणवत नाहीं. परंतु त्यांतील एक ध्वनिमुद्रिका अशी आहे कीं, ती विसाव्या वर्षीं कानास गोड लागते आणि पन्नाशींत अंतःकरणास लागते. तिचें नांव 'द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्व्हेशन सोसायटी'. इंग्लंडांत खेड्याच्या मध्यभागीं सर्वांच्या वहिवाटीचें जें हिरवें मैदान असतें, त्याला 'व्हिलेज ग्रीन' म्हणतात. त्याच्या जतनासाठीं निघालेलें मंडळ तें आम्हीच, असें हा वाद्यवृंद थोड्या थट्टेनें सांगतो.

रे व डेव्ह डेव्हिस हे बंधु, पीट क्वेफ व मिक एव्होरी या चौघांचा हा वृंद. १९६४ सालीं 'यू रिअली गॉट मी' या दणदणीत गाण्यानें तो गाजला. पुढच्याच वर्षीं अमेरिकेंत कार्यक्रम करण्यास त्यास मज्जाव झाला, तो १९६९ पर्यंत टिकला. बाहेरचें दार बंद झाल्यामुळें रे डेव्हिसची दृष्टि स्वतःच्या अंगणाकडे वळली असें टीकाकार म्हणतात, व तें आम्हांस पटतें. ध्वनिमुद्रिका बाहेर पडली २२ नोव्हेंबर १९६८ रोजीं. नेमक्या त्याच दिवशीं बीटल्स मंडळींची पांढऱ्या वेष्टनाची जोडमुद्रिकाहि आली. तें वर्षच धामधुमीचें. पॅरिसांत विद्यार्थी रस्त्यावर उतरलेले, व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध जिकडेतिकडे निदर्शनें चाललेलीं. अशा वेळीं स्ट्रॉबेरीच्या मुरंब्याचें आणि चिनी मातीच्या पेल्यांचें कौतुक कोण ऐकणार? विक्रीच्या याद्यांत ती इंग्लंडांत कोठेंच दिसली नाहीं.

आम्ही ती प्रथम ऐकली महाविद्यालयांत शिकत असतांना, एका मित्रानें आणून दिलेल्या कॅसेटवर. मनांत राहिल्या त्या चाली. त्या आहेतहि तशाच : लहान, सुटसुटीत, दुसऱ्या खेपेस ओठांवर येणाऱ्या. पण या गोडव्यामुळेंच श्रोता शब्दांकडे उशिरां वळतो, आणि संग्रहाचें मर्म तर चाल हंसत असतांना शब्द काय करीत असतात यांत आहे.

शीर्षकगीतच घ्या. जतन करावयाच्या वस्तूंची ती एक लांबलचक यादी : मुरंबा, लहान दुकानें, ट्यूडर धाटणीचीं घरें, आणि त्याच दमांत डोनाल्ड डक, शेरलॉक होम्स व ड्रॅक्युला. ऐकतांना हंसूं येतें व गाणें पुढें सरकतें. पण दहाव्या-विसाव्या खेपेस मनांत येतें कीं, डोनाल्ड डक हा इंग्रज केव्हां झाला? आणि जो शेरलॉक होम्स कधीं जन्मलाच नाहीं, त्यास मरणाचें भय कसलें? ज्या खेड्याची राखण करावयाची तें पुष्कळसें पुस्तकांतून व चित्रपटांतूनच वसलेलें आहे, हें रचणारा पुरतें जाणून आहे. तो स्वतः वाढला उत्तर लंडनच्या उपनगरांत, मसवेल हिलच्या बाजूस.

'व्हिलेज ग्रीन' हें गाणें १९६६ सालींच मुद्रित झालें होतें. सबंध संग्रहाचें बीज तेंच. कीर्तीच्या मागें लागून गांव सोडलेला एक जण त्यांत हळहळतो. त्याची डेझी वाण्याच्या टॉमशीं लग्न करून संसाराला लागली आहे, आणि जुन्या घरांचीं छायाचित्रें काढीत अमेरिकन प्रवासी हिंडत आहेत. एक दिवस परत जाईन, असें तो म्हणतो. जाऊन काय करणार, तर डेझीबरोबर चहा पीत त्या हिरवळीच्याच गोष्टी बोलणार! हिरवळीवर उभें राहूनहि हिरवळीची आठवणच काढावयाची, हा या गाण्यांतील कांटा आहे. आणि पार्श्वभूमीस हार्प्सिकॉर्ड इतक्या शिष्टपणें वाजत असतें कीं, तो रुतल्याचें बराच काळ कळत नाहीं.

'डू यू रिमेंबर वॉल्टर'मध्यें तो अधिक खोल जातो. बाळपणींचा सवंगडी आतां लठ्ठ झाला असेल, साडेआठालाच निजत असेल, जुन्या गोष्टी काढल्या तर कंटाळेल, असें गाणारा म्हणतो. तो त्याला भेटलेला नाहीं. सारी भेट मनांतल्या मनांत झाली आहे, आणि तेथेंहि ती फसली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला असा एखादा वॉल्टर नसणें विरळा. आमचा वॉल्टर म्हणजे तो कॅसेटवाला मित्र. मध्यंतरीं एका लग्नांत तो भेटला. परस्परांस रक्तदाबाच्या गोळ्यांचीं नांवें सांगून झालीं, आणि पंगत उठतांच निरोप घेतला. कॅसेटचा विषय दोघांनींहि काढला नाहीं.

दुरावलेल्या मित्रांकडे असें लांबून पाहात राहण्याची रे डेव्हिसची वृत्ति जुनीच. आणि तिचा एक धागा आपल्या किनाऱ्याशीं जुळतो. १९६५ च्या आरंभीं ऑस्ट्रेलियास जातांना हा वृंद मुंबईस थांबला होता. पहांटे कामास निघालेल्या कोळ्यांचें गाणें तेथें त्याच्या कानीं पडलें, व त्यावरून त्याच वर्षींचें 'सी माय फ्रेंड्स' हें गाणें सुचलें, असें त्यानें स्वतः सांगितलें आहे. तें या संग्रहांत नाहीं; पण 'वॉल्टर'चा तो वडील भाऊ शोभतो.

'लास्ट ऑफ द स्टीम-पावर्ड ट्रेन्स' याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. ब्रिटिश रेल्वेच्या मुख्य मार्गांवरून वाफेचीं इंजिनें ११ ऑगस्ट १९६८ रोजीं निवृत्त झालीं. गाण्यांतलें इंजिन संग्रहालयांत जाऊन बसलें आहे. पण त्याची चाल हाउलिन वुल्फ या निग्रो गायकाच्या 'स्मोकस्टॅक लाइटनिंग'वरून उचललेली आहे, म्हणजे ज्या अमेरिकन ब्लूजवर हे इंग्रज तरुण आरंभीं पोसले गेले त्याच वळणाची. तेव्हां जें इंजिन मोडीत निघालें तें आपलें स्वतःचेंच उमेदीचें संगीत, असाहि अर्थ निघतो. कित्येक ठिकाणीं ऐकूं येणारें मेलोट्रॉन हें वाद्यहि असेंच सूचक. त्याची पट्टी दाबली कीं पूर्वीं मुद्रित करून ठेवलेला बांसरीचा वा तंतुवाद्याचा स्वर फितीवरून उमटतो. ध्वनीचें छायाचित्रच तें. 'फिनॉमिनल कॅट'च्या आरंभींची बांसरी कोणी फुंकीत नाहीं.

हें सर्व रचणाऱ्याचें वय त्या वेळीं चोवीस होतें! म्हातारपणाची चाहूल त्यानें तारुण्यांत ऐकली, आणि आम्हांस ती ऐकूं येण्यास तीस वर्षें लागलीं, यांत त्याची प्रतिभा दिसते. सर्वच गाणीं या तोलाचीं आहेत असें मात्र नव्हे. 'मोनिका' बेतास बात आहे. 'विकेड ॲनाबेला'ची भेसूर चाल या मंडळांत उपऱ्यासारखी वाटते. शेवटच्या गाण्यांत लोक एकमेकांचीं छायाचित्रें काढतात तीं आपण खरोखर होतों याचा पुरावा म्हणून, आणि चाल मात्र जत्रेंतल्या पाळण्यासारखी गरगरते. तें आम्ही एकट्यानें ऐकणें पसंत करतों.

कांहीं युरोपीय देशांत बारा गाण्यांची एक निराळी आवृत्ति निघाली होती. तींत 'डेज' हें सुंदर गाणें आहे, जें पुढें गळलें. २०१८ सालीं अर्धशतकानिमित्त मोठा संच निघाला, तो अभ्यासकांसाठीं ठीक. नवख्या श्रोत्यानें मूळची पंधरा गाण्यांचीच घ्यावी, व एका बैठकींत ऐकावी. 'डेज' तेवढें मागाहून, वेगळें.