चॉकलेटमधलं मीठ: वेष्टनावरचं आणि जिभेवरचं

आज आपल्याला समुद्री मीठ घातलेल्या चॉकलेटबद्दल बोलायचं आहे आणि बोलता बोलता थोडं खायचंही आहे. सभागृहात प्रत्येकाच्या बशीत साध्या काळ्या चॉकलेटचे तीन तुकडे आहेत. बाजूला थोडं बारीक मीठ, थोडं जाडं मीठ, आणि चॉकलेटचं कवच असलेलं एक सॉल्टेड कॅरॅमल. घरून ऐकणाऱ्यांनी ७० टक्क्यांच्या आसपासचं कुठलंही बिनमिठाचं काळं चॉकलेट घेतलं तरी चालेल. एकच विनंती आहे. फ्रिजमधून काढलेलं लगेच तोंडात टाकू नका. वेष्टन न उघडता वीसेक मिनिटं बाहेर राहू द्या. कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. गार तुकडा जिभेवर पसरायला वेळ घेतो, मीठ मात्र लाळेत लगेच विरघळतं. मग चॉकलेट पोचायच्या आधीच मीठ येऊन जातं आणि आपण तोंड वाकडं करून म्हणतो, 'खारट आहे.' यात बिचाऱ्या चॉकलेटचा काय दोष?

आमचा मुद्दा आधीच सांगून टाकतो. चॉकलेटमध्ये मीठ काय काम करतं, हे चाखून ओळखता आलं पाहिजे. ते एकदा ओळखता आलं, की वेष्टनावर 'समुद्री मीठ' छापून आपल्याकडून जास्तीचे पैसे नेमके कशाचे घेतले जातात, हेही विचारता येतं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. आधी वेष्टन वाचतो आणि मग वाचलेलंच चाखतो.

सुरुवात शब्दांपासून करू. मराठीत गोड, आंबट, तिखट ही स्तुतीही होऊ शकते. 'खारट' ही मात्र कायम तक्रार असते. मीठ कमी पडलं तर अळणी, जास्त झालं तर खारट, आणि बरोबर पडलं तर? त्याला आपल्याकडे विशेषणच नाही. 'मीठ बरोबर आहे' एवढंच म्हणतो, आणि बहुतेक जेवणांत तेही म्हणत नाही. 'खारा' हा शब्द आहे, पण खारे दाणे, खारी बिस्किटं असा तो पदार्थाचा प्रकार सांगतो. मिठाने काम नीट केलं, तर ते दिसू नये, अशी आपल्या स्वयंपाकघराची अपेक्षा असते. मोदकाच्या उकडीत चिमूटभर मीठ पडतं, पुरणपोळीच्या कणकेत पडतं. पण कुणी 'मिठाचे मोदक' म्हणून ते वाढत नाही. गंमत म्हणजे आपला 'मीठ' आणि हिंदीतला 'मीठा' हे शब्द एकाच घरातले मानले जातात. एका भाषेत तो शब्द साखरेकडे गेला, दुसरीत मिठाकडे. मुळात त्याचा रोख रुचकरपणाकडेच होता.

आता पहिला तुकडा घ्या, नुसताच. चावू नका, टाळूशी धरून वितळू द्या. आधी थोडा गोडवा येतो, मग कोकोचा आंबूसपणा, आणि शेवटी घशाकडे जाणारा कडवटपणा बराच वेळ रेंगाळतो. हा कडवटपणा लक्षात ठेवा.

दुसऱ्या तुकड्यावर बारीक मिठाचे अगदी मोजके कण टाका. चिमूट नको, बोटाला चिकटतील तेवढेच. पुन्हा वितळू द्या. मीठ वेगळं असं फारसं जाणवणार नाही, पण मघाचा कडवटपणा मागे सरकलेला वाटेल आणि तेच चॉकलेट जरा जास्त गोड लागेल. साखर आपण वाढवलेली नाही, हं. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात हेच दाखवलं. कडू आणि गोड एकत्र असलेल्या द्रावणात सोडियमचा क्षार घातला, की कडूपणा दबतो, आणि त्या कडूपणाने दाबून ठेवलेला गोडवा वर येतो. कारल्याच्या चकत्यांना मीठ लावून ठेवणाऱ्यांना यातली अर्धी गोष्ट माहीत होतीच.

तिसऱ्या तुकड्यावर जाड्या मिठाचे दोन-तीन कण दाबून बसवा आणि मिठाची बाजू खाली, म्हणजे जिभेकडे करून ठेवा. आता अनुभव एकसारखा येत नाही. मीठ एकदम येतं, ओसरतं, मग चॉकलेट पसरतं, मग दुसरा कण सापडतो. हाच तुकडा उलटा ठेवलात तर क्रम बदलतो: आधी चॉकलेट, मागून मीठ. याचं कारण साधं आहे. मीठ स्निग्ध पदार्थात विरघळत नाही, त्याला पाणी लागतं. कोको बटरच्या आत त्याचा कण सुटाच राहतो आणि लाळेची वाट बघतो. कण केवढा आहे आणि कुठे आहे, यावर ते कधी बोलणार हे ठरतं.

म्हणजे चॉकलेटमध्ये मीठ दोन प्रकारे काम करतं. एक आत मिसळून, आवाज न करता. दुसरं वर राहून, थांबत थांबत. आपल्या जेवणाच्या पानात हे दोन्ही प्रकार आहेतच. भाजी-आमटीत शिजलेलं मीठ वेगळं, आणि पान वाढताना सगळ्यात आधी वाढलेलं मीठ वेगळं. पहिलं स्वयंपाक करणारीने ठरवलेलं असतं, दुसरं जेवणाऱ्याच्या बोटावर सोडलेलं असतं. चांगला चॉकलेट बनवणारा हा फरक जाणतो. त्याला कोकोची तुरट-कडू धार थोडी बोथट करायची असेल तर तो मीठ आत घालेल. खाणाऱ्याला दर घासाला नव्याने जागं करायचं असेल तर वर ठेवेल. ज्या चॉकलेटमध्ये यातलं काहीच ठरवलेलं नसतं, ते लगेच ओळखू येतं. एका घासात भातातल्या खड्यासारखं मीठ दाताखाली येतं आणि पुढचे तीन घास कोरडे जातात.

आता कॅरॅमलकडे वळू. त्यासाठी फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनी प्रांतात जावं लागेल. राजेशाहीच्या काळात फ्रान्समध्ये मिठावर 'गाबेल' नावाचा कर होता. त्याचा भार प्रांताप्रांतात वेगवेगळा होता, आणि ब्रिटनीला त्यातून सूट होती. त्यामुळे इतरत्र मीठ महाग आणि लोणी बिनमिठाचं, तर ब्रिटनीत मीठ स्वस्त आणि लोणी खारवलेलं. राज्यक्रांतीनंतर १७९० साली गाबेल रद्द झाला, तरी लोण्याची सवय गेली नाही. १९७७ साली आँरी ल रू या मिठाईवाल्याने किबरों या तिथल्या किनाऱ्यावरच्या गावात दुकान उघडलं आणि त्याच घरगुती खाऱ्या लोण्यातून, सुक्या मेव्याची भरड घालून कॅरॅमल केलं. १९८० साली पॅरिसच्या मिठाई प्रदर्शनात त्याला फ्रान्समधली सर्वोत्तम मिठाई म्हणून मान मिळाला. २००८ च्या सुमारास अमेरिकेतल्या मोठ्या कॉफी आणि आइस्क्रीम कंपन्यांनी ही चव उचलली आणि ती जगभर गेली.

या गोष्टीत आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते असं: त्या कॅरॅमलमध्ये मीठ सजावट म्हणून आलेलं नव्हतं. ते लोण्यातून आलं, आणि लोण्यात ते एका कराच्या इतिहासामुळे आलं. मिठावरच्या कराने काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९३० साली दांडीपाठोपाठ आपल्याकडे शिरोड्याला आणि वडाळ्याला सत्याग्रह झाले, ते याच चिमटीभर वस्तूसाठी.

आता बशीतलं कॅरॅमल खा आणि एकच प्रश्न विचारा: मीठ इथे काही उघडून दाखवतंय, की झाकतंय? साखर नीट तांबूस होईपर्यंत जाळली असेल तर तिच्यात स्वतःचा कडवटपणा आलेला असतो. मीठ त्याला आवरतं, आणि मग लोणी, जळकी साखर, कोको असे वेगवेगळे थर कळतात. पण साखर जेमतेम पिवळी झाली असताना उतरवली असेल, तर आवरायला काही उरतच नाही. मग मिठाचं काम एवढंच: अती गोड पदार्थाची मिठी बसू न देणं, म्हणजे आपण आणखी एक खाऊ, आणि मग आणखी एक. बाजारातल्या बऱ्याच सॉल्टेड कॅरॅमलबद्दल आमची तक्रार हीच आहे. त्यांच्यात मीठ आणखी साखर खपवण्याचा परवाना म्हणून येतं. कोकोची प्रत हलकी असते तेव्हाही हाच खेळ होतो. कडवटपणा मिठाने दबतो आणि दाणे नीट आंबवले नव्हते की जास्त भाजले होते, हे कळेनासं होतं.

शेवटी 'समुद्री' या शब्दाकडे येऊ. भारतात आपण खातो त्यातलं बहुतेक मीठ समुद्राच्या किंवा खाऱ्या पाण्यापासूनच बनतं. बरंचसं गुजरातेतून येतं. तेव्हा किराणा दुकानातल्या साध्या पुडीलाही हे विशेषण लावता येईल. परदेशी नावांमध्ये फरक आहे, पण तो मुख्यतः कणाच्या घडणीचा. ब्रिटनीच्या दक्षिणेला गेरांद इथल्या मिठागरांत वारा आणि ऊन जुळून आलं, की पाण्यावर पातळ साय धरते. ती अलगद काढतात. तेच 'फ्लर द सेल', मिठाचं फूल. इंग्लंडमधल्या मॉल्डनच्या मिठाच्या पोकळ, पिरॅमिडसारख्या पापड्या असतात. या पापड्या दाताखाली चुरतात आणि पटकन विरघळतात, म्हणून चॉकलेटवर शोभतात. हीच मिठं पाण्यात विरघळवून दिली, तर त्यांच्यातला फरक ओळखणं फार कठीण. तेव्हा महागडं मीठ दळून चॉकलेटच्या आत मिसळलं असेल आणि किंमत मात्र फुलाची लावली असेल, तर ते पैसे नावाचे आहेत, असं खुशाल समजा.

मग नावाला काहीच अर्थ नाही का? आहे. १९७० च्या दशकात गेरांदच्या त्या मिठागरांवर पर्यटनाच्या बांधकामांचं सावट आलं होतं. मीठ काढणाऱ्यांनी विरोध केला, पुढे सहकारी संस्था उभी केली, आणि आपलं मीठ हातानं कसं निघतं हे लोकांना समजावून सांगितलं. आज ते नाव चॉकलेटच्या वेष्टनावर मानाने छापलं जातं. आपल्याकडे उरण-पेणच्या बाजूला, मुंबईत भांडुप-मुलुंडला, गोव्यात किनाऱ्यालगत मिठागरं होती आणि काही अजून आहेत. आगर पिकवणाऱ्या आगरी समाजाचं नावही त्या आगरावरूनच आलं. पण मुंबईत मिठागराचा विषय निघतो तो बहुधा जमिनीचा विषय म्हणून, तिथे किती घरं बसतील या हिशोबाने. त्या मिठाचा कण कसा असतो, हे आपल्यापैकी किती जणांनी जिभेवर घेऊन पाहिलं आहे? ज्याची चव आपल्याला सांगता येत नाही, त्याच्या बाजूने बोलणं अवघड जातं. आस्वाद घ्यायला शिकायचं ते त्यासाठीही.

तेव्हा पुढच्या वेळी असं चॉकलेट हातात आलं, की आधी वेष्टन पालथं ठेवा. मीठ आत आहे की वर, ते कधी येतं, त्याच्यामुळे कोको जास्त कळतो की कमी, एवढं जिभेला विचारा. मग वेष्टन सुलट करून वाचा, आणि ते मीठ कुणी काढलं हे तिथे लिहिलंय का, तेही बघा.

बशीत जाडं मीठ उरलं असेल तर टाकू नका. आता प्रश्न घेऊ.